ताप नाही, तरी पुरानंतरची गोळी खायची का?

गुळवाला_सांगली:
गणपती पेठेत आमचं गुळाचं दुकान. पाणी ओसरल्यावर दोन दिवस मी आणि तीन हमाल गुडघाभर गाळातून भिजलेला माल काढत होतो. माझ्या टाचेला भेग आहे. मेलेले उंदीर किती निघाले ते लिहीत नाही, जेवायची वेळ आहे. आशाताई घरी डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या देऊन गेल्या. वडील म्हणतात, २०१९ला याच्यापेक्षा जास्त पाणी होतं, तेव्हा कुठं गोळी खाल्ली? ताप नसताना अँटिबायोटिक कशाला?

म्हसरंवाला:
मी खाल्ली. उपाशीपोटी खाल्ली आणि गोठ्यात जाऊन ओकलो. जेवून घ्या, वर तांब्याभर पाणी, आणि लगेच आडवं होऊ नका.

जुना_आरोग्यसेवक:
वडिलांचं खोटं नाही, बहुतेकांना काही होत नाही. पण ही गोळी लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) असते. त्याचे जंतू उंदराच्या मुतातून पाण्यात येतात आणि तुमच्या टाचेसारखी भेगच शोधतात.

१९८४ साली छापलेला एक अभ्यास आहे. पनामाच्या जंगलात गेलेले ९४० अमेरिकी सैनिक. निम्म्यांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सी, निम्म्यांना नुसतीच दिसायला गोळी. नुसत्या गोळीवाल्यांत २० जणांना लेप्टो, डॉक्सीवाल्यांत एकाला. भारी वाटतं. पण ते तीन आठवड्यांचे पाहुणे. मला आपला अंदमानचा, २०००चा अभ्यास जास्त पटतो, कारण ती ७८२ माणसं तिथंच राहणारी. तिथं लागण दोन्ही गटांत जवळपास सारखीच झाली. आजारी पडणारे मात्र ६.८ टक्क्यांवरून ३.१वर आले. म्हणजे गोळी खाल्ली तरी जंतू शिरू शकतो.

म्हणून महिनाभर ताप अंगावर काढू नका. पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी दवाखाना. आणि "गाळात काम केलंय" हे आपणहून सांगा, नाहीतर साधा ताप समजून पॅरासिटामॉल हातात पडते. घरात गरोदर बाई, लहान मूल असेल तर त्यांना ही गोळी परस्पर देऊ नका.

हमालांना मिळाली का?

गुळवाला_सांगली:
नाही हो. ते तिघं दुसऱ्या भागातले, त्यांच्याकडं पाणीच आलं नाही, म्हणून कुणी फिरकलंच नाही. आशाताईंना फोन केलाय, उद्या दुकानावर येतात. माझ्या दोन आत्ता जेवणानंतर.