शब्दचर्चा : तहकूब, संस्थगित, विसर्जित

प्रश्न (सीताबर्डी)

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसाच्या बातम्यांत एकाच घटनेला तीन शब्द दिसतात. एका पेपरात ‘विधानसभा बेमुदत तहकूब’, दुसऱ्यात ‘अधिवेशन संस्थगित’, आणि हिंदी वाहिन्यांवरून आलेलं ‘सत्रावसान’ तिसऱ्यात. हे समानार्थी आहेत का? नागरिकशास्त्राच्या टिपणात कोणता शब्द ठेवावा?

उत्तर (धरमपेठ)

नाहीत. शब्द निवडण्याआधी एवढंच विचारा, की हे केलं कोणी?

सभागृह तहकूब करतात अध्यक्ष, विधान परिषदेत सभापती. गोंधळ झाला म्हणून दहा मिनिटांसाठी, दिवस संपला म्हणून उद्यापर्यंत, किंवा पुढची तारीख न देता बेमुदत. मुदत कितीही असो, अधिकार पीठासीन अधिकाऱ्याचाच.

सत्र, म्हणजे अधिवेशन, संपवतात राज्यपाल, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, अनुच्छेद १७४ खाली. संविधानाच्या मराठी पाठात याला ‘सत्रसमाप्ती’ म्हटलंय. हिंदीतलं सत्रावसान म्हणजे हेच, आणि आपल्या पेपरांतलं ‘संस्थगित’ही हेच.

विसर्जित होते फक्त विधानसभा. २८८ जागांच्या विधानसभेचा कार्यकाळ संपतो किंवा राज्यपाल ती आधी विसर्जित करतात. ७८ जागांची विधान परिषद मात्र कधीच विसर्जित होत नाही. तिचे जवळपास एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. म्हणून ‘विधिमंडळ विसर्जित’ असं महाराष्ट्रापुरतं लिहिणं सरळ चूक आहे.

पुरवणी (महाल)

खरा घोटाळा ‘संस्थगित’ या शब्दातच आहे. रोजच्या मराठीत ‘स्थगित’ म्हणजे तूर्त थांबवलेलं, पुन्हा सुरू होऊ शकेल असं. आंदोलन स्थगित, परीक्षा स्थगित. त्याला ‘सम्’ लावला की कान म्हणतो, ‘नीट थांबवलेलं’. कायद्याचा अर्थ अगदी उलटा, सत्र संपलं. नवा वाचक ‘संस्थगित’ वाचतो आणि तेच अधिवेशन परत भरेल असं समजतो. तसं भरत नाही. राज्यपालांनी पुन्हा बोलावलं की ते नवं सत्र असतं. माझं ठाम मत आहे की टिपणात ‘सत्रसमाप्ती’ लिहावं आणि कंसात ‘संस्थगित’ द्यावं, म्हणजे पेपर वाचणारा पोरगाही अडणार नाही.

‘तहकूब’ फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि गावापर्यंत रुजला. ग्रामसभेची गणपूर्ती (किमान हजेरी) म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती संख्या. तेवढे लोक जमले नाहीत की सभा तहकूब. तीच सभा, तेच विषय, दुसरी तारीख, आणि त्या तहकूब सभेला मग गणपूर्तीची अट नाही. ‘तीच सभा पुढे चालू’ हा या शब्दाचा गाभा ग्रामसभेत जितका स्वच्छ दिसतो तितका कुठे दिसत नाही.

प्रश्न (सीताबर्डी)

कळलं. पण बेमुदत तहकूब झालेलं सभागृह आणि सत्र संपलेलं सभागृह, दोन्ही बंदच ना? व्यवहारात फरक काय पडतो?

उत्तर (धरमपेठ)

फरक पडतो, आणि तो मोठा आहे. बेमुदत तहकूब झालेलं सभागृह कायद्याच्या नजरेत अजून सत्रातच असतं. दारं बंद, बाकं रिकामी, आमदार मतदारसंघात, तरी सत्र चालू. त्याचे दोन परिणाम धरून ठेवा.

पहिला अध्यादेशाचा, म्हणजे सभागृहाऐवजी राज्यपालांनी काढलेल्या तात्पुरत्या कायद्याचा. अनुच्छेद २१३ प्रमाणे विधानमंडळ सत्रात असताना राज्यपाल अध्यादेश प्रख्यापित करू (म्हणजे काढू) शकत नाहीत. परिषद असलेल्या राज्यात दोन्ही सभागृहं सत्रात असतील तेव्हा ही बंदी लागू होते. एकाचीही सत्रसमाप्ती झालेली असेल तर वाट मोकळी. म्हणजे नुसती बेमुदत तहकुबी झाली आणि राज्यपालांचा आदेश निघाला नाही, तर सरकारला अध्यादेश काढता येणार नाही.

दुसरा, सभागृह पुन्हा भरवायचा. तहकुबीनंतर ते अध्यक्ष भरवू शकतात, राज्यपालांच्या नव्या बोलावण्याची गरज नसते. २०२३ साली पंजाबात वाद पेटला तो यावरच. मार्चमध्ये बेमुदत तहकूब झालेली विधानसभा १९ आणि २० जूनला पुन्हा बसली. ही बैठकच बेकायदा आहे असं म्हणून राज्यपालांनी तिथे मंजूर झालेली विधेयकं अडवली. सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०२३ रोजी बैठक वैध ठरवली, कारण सत्रसमाप्ती झालेलीच नव्हती. पण सत्र असं कायमचं उघडं ठेवणं संविधानाला धरून नाही, हेही न्यायालयाने बजावलं. राज्यपाल आणि निवडून आलेलं सरकार यांच्यातला अख्खा संघराज्यीय पेच दोन शब्दांतल्या फरकावर उभा होता.

पुरवणी (वर्धा रोड)

सहा महिन्यांच्या अटीत लोक नेहमी एक चूक करतात, ती इथेच सांगतो. दोन सत्रांमध्ये सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये, पण ते मोजायचं शेवटच्या *बैठकीपासून* पुढच्या सत्राच्या पहिल्या बैठकीपर्यंत. सत्रसमाप्तीच्या आदेशाची तारीख यात येतच नाही. नागपूरचं २०२४ चं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर चाललं. घड्याळ सुरू झालं २१ डिसेंबरला. मार्चमध्ये मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन भरतंच, म्हणून आपल्याला ही अट एरवी जाणवत नाही.

अध्यादेशाचं घड्याळ वेगळं. सभागृहं पुन्हा भरल्यापासून सहा आठवडेच तो टिकतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरच्या तारखेपासून. नागपूरचं अधिवेशन आठवड्या-दोन आठवड्यांत गुंडाळलं जातं, पण सहा आठवडे त्यासोबत थांबत नाहीत. १६ डिसेंबरला सभागृहं भरली आणि अध्यादेशाच्या जागी विधेयक मंजूर झालं नाही, तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो अध्यादेश आपोआप व्यपगत होतो, म्हणजे संपतो. तेव्हा तर सगळे केव्हाचे मुंबईला परतलेले असतात.

मग सरकारं तोच अध्यादेश पुन्हा काढतात. बिहारने १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश असे पुन्हा पुन्हा काढले. पुण्याच्या गोखले संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा यांनी त्याचा माग काढला आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने याला संविधानाची फसवणूक म्हटलं. अध्यादेश, सत्र, समाप्ती हे शब्द कोरडे वाटतात, पण राज्यघटनेची राखण तारखा मोजणाऱ्यांनीच केली आहे.

प्रश्न (सीताबर्डी)

आणि अर्धवट राहिलेल्या विधेयकांचं?

उत्तर (धरमपेठ)

अनुच्छेद १९६ बघा. सत्रसमाप्तीने विधेयक मरत नाही. विसर्जनाने मात्र विधानसभेत पडून असलेलं विधेयक, आणि विधानसभेने मंजूर करून परिषदेत अडकलेलं विधेयक, दोन्ही व्यपगत होतात. जे परिषदेतच मांडलं गेलं आणि विधानसभेपर्यंत पोचलं नाही, ते टिकतं. सूचनांचं, म्हणजे सदस्यांनी दिलेल्या नोटिसांचं, वेगळं आहे. लोकसभेच्या नियमांत सत्रसमाप्तीबरोबर प्रलंबित सूचना संपतात, विधेयक मांडण्याची सूचना तेवढी वाचते.

पुरवणी (महाल)

आणखी दोन शब्द सांभाळा.

‘बरखास्त’ आणि ‘विसर्जित’ पेपरवाले एकमेकांच्या जागी टाकतात. बरखास्तीत बाहेरून कोणीतरी काढून टाकल्याचा भाव आहे. तो सरकारला शोभतो, सभागृहाला ‘विसर्जित’च बरा. राष्ट्रपती राजवट आली म्हणजे विधानसभा गेलीच, असंही नसतं. १२ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्रात राजवट लागली तेव्हा विधानसभा निलंबित अवस्थेत ठेवली होती, विसर्जित केली नव्हती. म्हणूनच २३ नोव्हेंबरला राजवट उठल्यावर तेच निवडून आलेले आमदार कामाला लागले, पुन्हा निवडणूक लागली नाही. राष्ट्रपती राजवटीवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर तर संसदेची मान्यता मिळेपर्यंत विसर्जन करताच येत नाही.

दुसरा, ‘स्थगन प्रस्ताव’. याचा सभागृह बंद पाडण्याशी संबंध नाही. ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर आत्ता चर्चा घ्या, अशी ही मागणी. ‘विरोधकांनी स्थगन प्रस्तावाने सभागृह तहकूब केलं’ असं वाक्य दिसलं तर ते दोन्हीकडून चुकलेलं आहे. विरोधक प्रस्ताव देतात, तहकूब अध्यक्ष करतात.

प्रश्न (सीताबर्डी)

मग शेवटच्या दिवसाची ओळ अशी लिहू का? ‘विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन राज्यपालांनी तहकूब केलं.’

उत्तर (धरमपेठ)

नाही भाऊ, कर्ता आणि क्रियापद जुळत नाही. अशी लिहा : ‘दोन्ही सभागृहं बेमुदत तहकूब झाली, राज्यपालांच्या आदेशाने सत्रसमाप्ती झाली.’ आदेश अजून वाचून दाखवला नसेल, तर स्वल्पविरामाच्या पुढचं सगळं गाळा.