डिस्चार्ज बुकात मेडलच्या नोंदी सुटल्या आहेत, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज कसा करावा?

फौजी_आर्वी:
जय हिंद. 1984 ची भरती, 2001 मध्ये इन्फंट्रीतून नायक म्हणून पेन्शनवर आलो. डिस्चार्ज बुकाच्या मेडलच्या पानावर फक्त 9 वर्षांचं लाँग सर्व्हिस मेडल आणि स्वातंत्र्याच्या 50 व्या वर्धापनदिनाचं मेडल, एवढ्याच नोंदी आहेत. 1988-89 मध्ये पलटणीसोबत श्रीलंकेत होतो, त्याचं स्पेशल सर्व्हिस मेडल नाही. 1995 ते 97 राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीरला होतो, त्याचंही काही चढलेलं नाही. सोबतच्या जवानांच्या पुस्तकात श्रीलंकेची नोंद आहे. या मेडलांवर पैसा मिळत नाही हे माहीत आहे, पण जी सेवा केली ती कागदावर पाहिजे. अर्ज कुठं करायचा? स्पर्शवर, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात की थेट रेकॉर्डला? सेतूवाला म्हणतो आरटीआय टाका.

रेकॉर्ड_क्लार्क_निवृत्त (पुलगाव):
नायक साहेब, स्पर्श पेन्शनसाठी आहे, तिथं मेडलचा विषय टाकू नका. अर्ज जातो तो तुमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. महार असाल तर सागर, गार्ड्स असाल तर कामठी, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगाव, तोफखाना असेल तर नाशिक रोड. राष्ट्रीय रायफल्समध्ये असतानासुद्धा तुमचे कागद मूळ रेजिमेंटच्या रेकॉर्डकडेच होते, त्यामुळे दोन्ही मेडलांसाठी पत्ता एकच.

डिस्चार्ज बुक हा मूळ कागद नाही. मूळ कागद म्हणजे शीट रोल (जवानाच्या सेवेचा नोंदपट), तो रेकॉर्डमध्ये असतो. युनिट पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या घटनांची नोंद करणारा लेखी आदेश) काढते, ती रेकॉर्डला जाते, तिथला क्लार्क ती शीट रोलवर चढवतो आणि घरी जाताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. म्हणून आधी एकच गोष्ट शोधायची: नोंद नेमकी कुठं अडली?

शीट रोलवर आहे पण पुस्तकात उतरली नाही, तर काम सोपं. रेकॉर्ड ऑफिस पुस्तकावर नोंद करून शिक्का मारून देते. पार्ट टू ऑर्डर निघाली पण शीट रोलवर चढली नाही, तर ऑर्डरचा नंबर आणि तारीख द्यावी लागते. ऑर्डर निघालीच नाही, तर रेकॉर्ड तुमचं प्रकरण युनिटकडे पाठवते आणि युनिटला पुरावा लागतो. वेळ इथंच जातो.

तुमचं राष्ट्रीय रायफल्सचं प्रकरण बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रकारातलं असेल. तिथं वेगवेगळ्या रेजिमेंटचे जवान असतात, त्यामुळे ऑर्डर वेगवेगळ्या रेकॉर्ड ऑफिसांना पाठवाव्या लागतात. आर्मी नंबरच्या शेवटचं इंग्रजी अक्षर चुकलं तरी ऑर्डर आक्षेप लावून परत जाते. तोपर्यंत जवान मूळ पलटणीत परतलेला असतो आणि तो कागद पुढे कोणी हलवत नाही. अर्जात नंबर लिहिताना ते अक्षर पुस्तकात पाहून लिहा, आठवणीतून लिहू नका.

अजून एक. एकाच मेडलवर दोन ठिकाणचा हक्क असेल तर दुसरं मेडल मिळत नाही, फितीवर दुसरा क्लास्प (नाव कोरलेली धातूची पट्टी) चढतो. त्यामुळे अर्जात "काश्मीरचं मेडल" असं मोघम लिहू नका. मेडलचं पूर्ण नाव आणि क्लास्प, दोन्ही लिहा. उदाहरणार्थ, "स्पेशल सर्व्हिस मेडल, क्लास्प श्रीलंका" किंवा "सैन्य सेवा मेडल, क्लास्प जम्मू काश्मीर".

वऱ्हाडी_जवान (मेहकर):
क्लार्क साहेबांनी बरोबर सांगितलं. आता आरटीआयचं पाहा भाऊ. आरटीआयनं नोंद दुरुस्त होत नाही, फक्त कागद हाती येतो. पण आधी तोच कागद पाहिजे, म्हणून सेतूवाला अर्धा बरोबर आहे. मागायचं एवढंच: "माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत, आणि माझ्या मेडलांबाबत निघालेल्या पार्ट टू ऑर्डरचे नंबर व तारखा." का दिलं नाही, कोण जबाबदार, असे प्रश्न त्यात घालू नका. त्यांना उत्तर मिळत नाही आणि कामाच्या मुद्द्यावरून लक्ष उडते.

आपल्याकडे दोन चुका हमखास होतात. पहिली, सेतूवाले अर्ज महाराष्ट्र सरकारच्या पोर्टलवर टाकतात. रेकॉर्ड ऑफिस केंद्राचं आहे, तिथला अर्ज केंद्राच्या आरटीआय ऑनलाइनवरूनच करायचा. दुसरी, कागदी अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावतात. तहसीलमध्ये ते चालते, केंद्राच्या कार्यालयात चालत नाही. तिथं 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा, अकाउंट्स ऑफिसरच्या नावानं. गावच्या ब्रँच पोस्टात ती मिळत नसेल तर तालुक्याच्या पोस्टात जा. प्रतीसाठी पानाला 2 रुपये नंतर मागतात. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, त्याला केंद्रात फी नाही.

पुराव्यात सगळ्यात जड काय? तुमच्याच कंपनीतल्या, त्याच काळात तिथंच असलेल्या जवानाच्या शीट रोलवरचा पार्ट टू ऑर्डरचा नंबर. श्रीलंकेसारख्या तैनातीत एका ऑर्डरमध्ये पुष्कळ जवानांची नावं एकत्र असतात. त्यानं स्वतःच्या शीट रोलची प्रत मागवली की ऑर्डरचा नंबर आणि तारीख तुम्हाला मिळते. रेकॉर्डला ती एक ऑर्डर काढून तुमचं नाव पाहणं सोपं जाते. नुसतं "हा माझ्यासोबत होता" असं लिहून दिलेलं पत्र हलकं पडते. त्याला त्याच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स आणि आर्मी नंबर जोडलाच पाहिजे.

बाकी मूव्हमेंट ऑर्डर, सुटीचा दाखला, पे बुक, 56 एपीओ किंवा 99 एपीओचा (फौजी पोस्ट ऑफिसचा) शिक्का असलेली जुनी पाकिटं, जे घरात असेल ते काढा. पाकिटावरचा शिक्का तारीख सांगते, युनिटचं नाव पाठवणाऱ्याच्या पत्त्यात असते. वर्दीतला फोटो जोडला तर चालते, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

फौजी_आर्वी:
धन्यवाद दोघांनाही. माझ्या कंपनीतला एक जण पुसदला आहे, त्याला शीट रोल मागवायला सांगतो. आणखी दोन शंका. मूळ डिस्चार्ज बुक पोस्टानं पाठवू का? आणि आधार कार्डावर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे, तेही याच अर्जात टाकू का?

रेकॉर्ड_क्लार्क_निवृत्त (पुलगाव):
मूळ पुस्तक आत्ता पाठवू नका. सगळ्या पानांची झेरॉक्स काढा, कोरी पानंसुद्धा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून साक्षांकित करून घ्या. नोंद करायची वेळ आली की रेकॉर्ड स्वतः पुस्तक मागेल. तेव्हा त्याच कार्यालयाच्या कव्हरिंग लेटरसोबत पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

नावाचा अर्ज वेगळा करा, हे कळकळीनं सांगतो. नावदुरुस्तीला वेगळी कागदपत्रं लागतात आणि ती फाइल वेगळ्या टेबलावर जाते. दोन मागण्या एका अर्जात असल्या की एकीच्या त्रुटीमुळे दुसरीही पडून राहते. मेडलच्या अर्जात नाव पुस्तकात जसं आहे अगदी तसंच लिहा.

अर्ज एका पानाचा बसवा. वर आर्मी नंबर अक्षरासह, रँक, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर. मग मागणी अशी लिहा: "मी दि. ___ ते दि. ___ या काळात ___ युनिटसोबत श्रीलंकेत तैनात होतो. स्पेशल सर्व्हिस मेडल, क्लास्प श्रीलंका, याची नोंद माझ्या डिस्चार्ज बुकात नाही. पार्ट टू ऑर्डर क्रमांक ___ तपासून शीट रोल दुरुस्त करावा, ऑर्डर निघाली नसल्यास युनिटकडून काढून घ्यावी, डिस्चार्ज बुकात नोंद करावी आणि मेडल द्यावं." श्रीलंकेतली तैनाती जुलै 1987 ते मार्च 1990 एवढ्या काळातली होती, तुमच्या तारखा त्याच्या आत बसतात का ते शीट रोलवरून पाहून घ्या. काश्मीरच्या मेडलचा परिच्छेद वेगळा लिहा.

सैनिक_मदत (दारव्हा):
थोडी भर घालतो. नोंद झाली म्हणजे मेडल लगेच हाती येते असं नाही, मेडलचा पुरवठा हा वेगळा विषय आहे. मेडल आलं की कडेवर कोरलेला नंबर आणि नाव आधी वाचा, चूक असेल तर तेव्हाच कळवा. नोंद होण्याआधी बाजारातून नक्कल आणून 26 जानेवारीला छातीवर लावू नका, उद्या कोणी पुस्तक मागितलं तर खऱ्या फौजीला खाली पाहावं लागते.

मेडल मिळालं होतं पण हरवलं, तर वरचं काहीच लागू नाही. त्यासाठी पोलिसांचा हरवल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि बदली मेडलचा अर्ज लागतो.

जवान हयात नसेल तर पत्नी अर्ज करू शकते, पण तिचं नाव शीट रोलवर पार्ट टू ऑर्डरनं चढलेलं आहे का ते आधी पाहावं. आणि ज्यांना पेन्शन नाही, मधेच घरी आले, त्यांनी अजिबात थांबू नये. बिनपेन्शनवाल्यांचे कागद 25 वर्षांनंतर नष्ट करतात, मग मागे फक्त लाँग रोल (जवानांच्या नावांची नोंदवही) राहतो आणि त्यात सेवेचा तपशील फार थोडा असतो. नायक साहेब, तुम्ही पेन्शनर आहात, तुमचा शीट रोल मिळायला हवा.

अर्जाला सहा महिन्यांत काहीच उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर मुंबईच्या सशस्त्र बल न्यायाधिकरणात जाता येते. त्यालाही सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून अर्जाची स्पीड पोस्टची पावती आणि पोच पहिल्या दिवसापासून फाइलला लावून ठेवा.