तुंबा तुळशीचाच, पण जरा लांबचा

बेळगावजवळच्या जांबोटी रस्त्याच्या कडेला दिसलेलं पांढऱ्या फुलांचं झुडूप तुळशीच्या जातीचं का, असा प्रश्न एकाने विचारलाय. वर्णनावरून तो तुंबा, आपल्याकडचे कन्नड शेजारी शंकराला वाहतात ते तुंबे. कूळ तुळशीचंच, लॅमिएसी. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, दोन ओठांचं फूल, चार पुंकेसर. वरचा ओठ आखूड आणि लोकरी केसांचा, खालचा मोठा पसरट, हे दिसलं की शंका नको.

पण उपकूळ वेगळं. तुळस, पुदिना, सब्जा नेपेटॉइडीत. तुंबा आणि काटेरी गोंड्यांची दीपमाळ ही वनस्पती लॅमिऑइडीत. चुरगाळल्यावर तुंब्याला तुळशीसारखा घमघमाट येत नाही, कारण सुगंधी तेलांची श्रीमंती मुख्यतः पहिल्या गटाकडे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली परागकणही निराळे: तुळशीच्या गटात साधारण सहा चिरा, तुंब्याच्या गटात बहुधा तीन.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये दीपमाळ फ्लोमिस या प्रजातीत (genus) घातली होती. वनस्पतीशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने 1810 च्या सुमारास ल्युकस (तुंब्याची) आणि लिओनोटिस (दीपमाळेची) या प्रजाती वेगळ्या काढल्या. आता डीएनए अभ्यास सांगतात की दीपमाळ आफ्रिकेतल्या ल्युकसांच्या घोळक्यातच बसते, म्हणजे ती भिंतही डळमळीत!

आणि हो, खानापूरच्या जंगलातला सागवानसुद्धा आता याच कुळात धरतात. पूर्वी तो व्हर्बिनेसी या दुसऱ्या कुळात होता. पटत नसेल तर सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, तीही चौकोनीच लागेल.