पाळी गेलीये, पिशवी काढायचीये. अंडाशयही काढायचे का?

मखमलाबादची
वय ५७, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. अंग बाहेर येतं म्हणून पिशवी काढायची ठरलीये, खालूनच. द्राक्षं उतरली की एप्रिलात. परवा गंगापूर रोडला दाखवायला गेलो, तर डॉक्टर फाइलवर लिहिता लिहिताच म्हणाले, "अंडाशयही काढून टाकू, आता त्यांचं काम काय?" ह्यांनी लगेच मान हलवली. माझी हलली नाही. सोनोग्राफीत दोन्ही नॉर्मल आहेत, माहेरी कुणाला कॅन्सर नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?

सिन्नरची लेक
काढा ताई. माझ्या आईची पिशवी काढली तेव्हा अंडाशय ठेवले. ६३व्या वर्षी पोट फुगायला लागलं. दोन महिने गॅस समजून ओवा खात होती. निऱ्या खोचायच्या तर पोटाशी जागाच उरायची नाही, शेवटी गाऊनवर आली. पोटातलं पाणी तपासलं तेव्हा कळलं, तिसरी स्टेज. मामाच्या मुलीलाही चाळिशीत स्तनाचा झाला. आणि "लक्ष ठेवू" यावर विसंबू नका. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांमध्ये सीए-१२५ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. २०२१ मध्ये निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत.

निवृत्त सिस्टर, पंचवटी
आईचं वाचून वाईट वाटलं. पण सरसकट "काढा" म्हणू नका. ऑपरेशन थिएटरात ३१ वर्षं काढलीत मी, "काम काय" हे वाक्य रोज ऐकलं आणि रोज खटकलं. पाळी गेल्यावरही अंडाशय थोडं टेस्टोस्टेरॉन बनवतात, त्यातल्या काहीचं शरीरातल्या चरबीत इस्ट्रोजेन होतं. घरात इतिहास नसेल तर हा कॅन्सर आयुष्यभरात शंभरात एकीच्या आसपास होतो. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या पाहणीत पिशवीबरोबर अंडाशय काढलेल्यांना हा कॅन्सर कमी झाला, पण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. आणि याचा सर्वांत घातक प्रकार बहुतेकदा गर्भनलिकेच्या टोकाशी सुरू होतो. तेव्हा नळ्या काढा, अंडाशय राहू द्या, हाही मार्ग आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्रानं वाचलं. विचारल्याशिवाय कुणाचा अवयव जाऊ नये.

सिन्नरची लेक
बीडचं इथे नको सिस्टर. त्या ऐन तिशीतल्या बायका होत्या. ताई ५७च्या, भूल एकदाच द्यायचीये. पुढे सत्तरीत गाठ निघाली तर पुन्हा ऑपरेशन कुणी सोसायचं?

निवृत्त सिस्टर, पंचवटी
हे मान्य, पन्नाशीच्या आतल्यांचं नुकसान जास्त असतं. पण तू आता स्वतःचं बघ. आईला अंडाशयाचा, मामेबहिणीला चाळिशीत स्तनाचा. हे दोन्ही कॅन्सर घराण्यात आणणाऱ्या ब्राका जनुकाची तपासणी झालीये का तुझी? ब्राका-१ सदोष असेल तर धोका शंभरात चाळीसच्या घरात जातो. तशा बाईला मी स्वतः सांगेन, काढ.

निफाडकर
बायकोनं साठीत काढले, त्रास नाही. पण दादांनी मान हलवायची गरज नव्हती, ताईंनीच ठरवू द्या.

मखमलाबादची
काल पुन्हा गेले, एकटीच. नळ्या काढा, अंडाशय नॉर्मल दिसले तर ठेवा, असं सांगितलं. खालून नळ्यांपर्यंत हात पोहोचेलच असं नाही, म्हणाले. पोहोचला नाही तर नळ्यांसाठी पोट उघडायचं नाही, तेही संमतीपत्रावर माझ्यासमोर लिहून घेतलं.

सिन्नरची लेक
माझं मत अजून तेच आहे, ताई. सिस्टर, तपासणी नाही केलेली. भीती वाटते. सोमवारी रक्त देते.