गजाल, किस्सा, कोटी, फिरकी: कशाला काय म्हणावं?

विचारणा: मालवणीत ‘गजाल’ म्हणजे विनोदच ना? आमच्या कुडाळकडच्या नातेवाइकांत कुणी हसवलं की ‘काय गजाल सांगल्यान!’ म्हणतात. मग किस्सा, कोटी, फिरकी हे शब्द कुठे वापरायचे?

प्रतिसाद: गजाल म्हणजे विनोद नव्हे. गजाल म्हणजे गोष्ट, बाब, गप्पा. ‘काय गजाल?’ म्हणजे ‘काय भानगड आहे?’ लोक गजाली मारायला बसतात तेव्हा हसणं असेलच असं नाही. आजारपणाच्या आणि जमिनीच्या वाटणीच्याही गजाली असतात. त्या ओघात विनोद येतो, म्हणून शब्दांची सरमिसळ होते.

किश्श्याला माणूस लागतो, जागा लागते. चुटक्याला दोन्ही नसली तरी चालतं. कोटी शब्दाच्या दुहेरी अर्थावर उभी असते; तिची फोड करून सांगावी लागली की ती गेलीच. फिरकी समोरच्याची घेतात आणि उलगडा झाल्यावर तोही हसतो. टर उडवलेला माणूस हसत नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण हल्ली दोन्हींना सर्रास ‘मस्करी’ म्हणतात.

आता किस्सा सांगायचा कसा, ते एका उदाहरणाने पाहू. एसटी स्टँडवर एक पाहुणा बाकावरच्या आजोबांना विचारतो, ‘सावंतवाडी गाडीचा टाइम काय?’

‘साडेआठ.’

‘अहो, साडेनऊ वाजले!’

‘टायम येवन गेलो. गाडी येवची आसा.’

हाच किस्सा बरेच जण असा सांगतात: ‘एक आजोबा इतके भारी, गाडी आली नाही तरी म्हणे टाइम येऊन गेला!’ इथे काहीच उरलं नाही. ‘भारी’ म्हणून आधीच हशा मागितला आणि ‘गाडी आली नाही’ हे गुपित वाक्याच्या सुरुवातीलाच फोडलं. मराठीत शब्द पुढेमागे सरकवता येतात, त्याचा फायदा घ्यावा: ज्या शब्दाने अर्थ उलटतो तो जितका शेवटी नेता येईल तितका न्यावा. साडेआठ आणि साडेनऊ हे दोन आकडे हवेतच, त्यांच्यावरच सगळं उभं आहे. पाहुण्याची बॅग, स्टँडचा रंग, आजोबांचं वय, काही नको. आणि आजोबा गंभीर हवेत. त्यांना आपण विनोद केला असं वाटतच नाही. सांगणाऱ्यानेही तोच चेहरा ठेवावा.

थांबणं शिकायचं तर दशावतार हे कोकणातलं लोकनाट्य बघावं, आपल्याकडे ज्याला धयकालो म्हणतात ते. त्यात कथानक ठरलेलं असतं, पण संवाद लिहिलेले नसतात. नट ते तिथल्या तिथे बोलतात. त्यातला विनोदी राक्षस संकासूर मालवणीत बोलू लागला की मंडपात खसखस पिकते. मुरलेला नट तेव्हा पुढचं वाक्य घाईने टाकत नाही. हशा ओसरू लागला, पण पुरता विरला नाही, अशा वेळी तो बोलतो. आधी बोलला तर वाक्य हशात बुडतं, उशीर झाला तर लोक गार होतात.

विचारणा: स्टँडचा हा किस्सा घाटावरच्या लोकांना सांगायचा तर प्रमाण मराठीत सांगावा का?

प्रतिसाद: सगळा नको. आजोबांचं शेवटचं वाक्य मालवणीतच ठेवा. ‘वेळ येऊन गेली, गाडी यायची आहे’ असं केलं तर अर्थ कळतो, पण आजोबांचा तो निवांत सूर जातो. अडचण ‘येवची आसा’ची. ऐकणारा तिथे अडखळला तर हशा हुकतो आणि मग समजावत बसावं लागतं. म्हणून ते शब्द आधी एकदा कानावरून जाऊ द्यावेत. पाहुणा सुरुवातीला विचारतो, ‘आजोबा, कुणाची वाट बघताय?’ ते म्हणतात, ‘झील येवचो आसा मुंबयसून.’ झील म्हणजे मुलगा, हे तिथेच सहज सांगून टाकावं. मग पुढे टाइम विचारावा.