जुन्या आलिशान इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी बिघडली तर: मॉड्यूल बदलावे की संपूर्ण पॅक?

धनुर्धर (धागाकर्ता)

जॅग्वार आय-पेस, ऑडी ई-ट्रॉन, पोर्शे टायकान या गाड्या २०२१ मध्ये भारतात आल्या, तेव्हा त्यांच्या किमती एक कोटीच्या आसपास किंवा त्याहून वर होत्या. आज त्या जुन्या बाजारात मूळ किमतीच्या बऱ्याच खाली मिळतात आणि त्यामागे बॅटरीची भीती हे मोठे कारण आहे. डॅशबोर्डवर बिघाडाची सूचना आली की सर्व्हिस सेंटरमधून बहुधा एकच उत्तर मिळते: पॅक, म्हणजे गाडीची संपूर्ण मुख्य बॅटरी, बदला. आणि त्या पॅकच्या किमतीत दुसरी चांगली गाडी येते. माझे मत असे आहे की वॉरंटी संपलेल्या गाडीत बिघडलेला भाग शोधून तेवढाच बदलणे हा पहिला पर्याय असला पाहिजे, आणि नेमका बिघाड लेखी सांगितल्याशिवाय पॅक बदलण्याचे कोटेशन मालकाने स्वीकारू नये.

ही अपेक्षा अवास्तव नाही, कारण हे पॅक मुळात सुट्या मॉड्यूलांचे, म्हणजे सेलांच्या छोट्या संचांचे, बनवलेले असतात. आय-पेसच्या ९० किलोवॅट-तासांच्या पॅकमध्ये ४३२ पाऊच सेल (पाकिटासारखे चपटे सेल) आहेत. ते प्रत्येकी १२ सेलांच्या ३६ मॉड्यूलांत विभागलेले आहेत. त्यातील एका मॉड्यूलमध्ये दोष आला म्हणून उरलेली ३५ मॉड्यूले भंगारात काढणे हा पैशांचाही अपव्यय आहे आणि लिथियम, निकेल, कोबाल्टचाही.

रेवा

मी बॅटरी-जुळणीच्या क्षेत्रात काम करते आणि मला आपले म्हणणे मान्य नाही. पॅकमधील सेलांचे गट एकापुढे एक जोडलेले असतात. आय-पेसमध्ये असे १०८ गट आहेत, म्हणजे प्रत्येक मॉड्यूलमध्ये तीन. चार्जिंग करताना सर्वांत आधी भरलेला गट सगळ्यांना थांबवतो आणि गाडी चालवताना सर्वांत आधी रिकामा झालेला गट सगळ्यांना थांबवतो, म्हणून पॅकची क्षमता ही सर्वांत दुबळ्या गटाची क्षमता असते. पाच-सहा वर्षे वापरलेल्या पॅकमध्ये नवे मॉड्यूल बसवले, तर त्याची क्षमता जास्त आणि अंतर्गत रोध कमी असतो. बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा, म्हणजे बीएमएस, गटांमधील चार्जचा फरक हळूहळू कमी करू शकते. क्षमतेतील आणि रोधातील फरक तिला मिटवता येत नाही. त्यामुळे काही महिन्यांनी पुढचा दुबळा गट वर येतो, पॅक पुन्हा उघडावा लागतो आणि मालक पुन्हा मजुरी भरतो.

दुसरे असे की पॅक उघडणे म्हणजे केवळ झाकण काढणे नव्हे. पुन्हा बंद केल्यावर त्याचे सील हवेच्या दाबाने तपासावे लागते, कूलंटच्या मार्गाची गळती वेगळी तपासावी लागते आणि पाऊच सेलांवरचा दाब मूळच्या इतकाच ठेवावा लागतो. हे न करता दिलेली गाडी कोकणात एक पावसाळा काढेल, याची खात्री मी देणार नाही.

आणि दोष कारखान्यातलाच असेल तर? अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये आय-पेस गाड्या आगीच्या धोक्यामुळे कंपनीकडून परत बोलावण्यात आल्या, म्हणजे त्यांचे ‘रिकॉल’ झाले. २०२४ च्या वेळी २०१९ च्या मॉडेलच्या २,७६० गाड्या होत्या, त्यांच्या सेलांमध्ये दुमडलेल्या ॲनोड-टॅबचा (सेलच्या ऋण टोकाच्या धातूच्या पट्टीचा) संशय होता आणि तात्पुरता उपाय म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर मर्यादित केले गेले. अशा पॅकमधील एक मॉड्यूल बदलून बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

धनुर्धर

कारखान्यातील दोषाबाबत आपल्याशी मतभेद नाही. रिकॉलमध्ये आलेल्या गाडीची जबाबदारी कंपनीची आहे, तिथे मालकाने स्वतःच्या खर्चाने काहीच करू नये. मी बोलतो आहे ते वयोमानाने किंवा अपघाताने आलेल्या बिघाडांबद्दल, आणि त्यांतील बरेच बिघाड सेलांचे नसतातच, हा माझा मुख्य मुद्दा आहे.

इन्सुलेशनच्या बिघाडाचेच उदाहरण घ्या. उच्च व्होल्टेजचे वर्तुळ गाडीच्या सांगाड्यापासून विलग असावे लागते. आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत डीसी वर्तुळासाठी किमान मर्यादा दर व्होल्टमागे १०० ओहम अशी आहे, म्हणजे ४०० व्होल्टच्या पॅकला किमान ४० किलोओहम. रोध खाली आला की गाडी सूचना देते, कधी सुरूच होत नाही आणि सूचनेत शब्द मात्र बॅटरीचा असतो. पण त्याच वर्तुळावर एसीचा कॉम्प्रेसर, केबिनचा हीटर, चार्जर आणि केबलींचे जोड असतात. यांपैकी एकात ओल शिरली तरी लक्षण तेच दिसते. जाणकार तंत्रज्ञ एकेक उपकरण वेगळे करून रोध मोजतो आणि दोष कोणत्या फांदीवर आहे ते सांगतो. हे काम दिवसाभराचे आहे. ते न करता थेट पॅकचे कोटेशन देणे म्हणजे ताप आला म्हणून हृदय बदलायला सांगण्यासारखे आहे.

तसेच १२ व्होल्टची साधी बॅटरी दमली की मुख्य कॉन्टॅक्टर (पॅकला गाडीच्या वर्तुळाशी जोडणारे मोठे स्विच) नीट जोडले जात नाहीत आणि पडद्यावर भीतीदायक सूचनांची रांग लागते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांना अशाच लक्षणांवरून पॅकचे कोटेशन मिळाले होते. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये १२ व्होल्टची बॅटरी बदलल्यावर गाडी सुरळीत चालू लागली. या शक्यता लेखी बाद करूनच पुढे जा, असे ग्राहकाने म्हणण्यात चूक काय?

टेम्सकाठचा

मी लंडनजवळ राहतो, त्यामुळे माझा दृष्टिकोन वेगळा आहे. इथे विक्रेत्याकडून जुनी गाडी घेतली, तरी २०१५ चा ग्राहक हक्क कायदा लागू होतो. पहिल्या ३० दिवसांत दोष सिद्ध झाला तर गाडी नाकारून पूर्ण पैसे मागता येतात. सहा महिन्यांच्या आत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते आणि तो नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. पहिल्या ३० दिवसांनंतर मात्र आधी विक्रेत्याला दुरुस्तीची एक संधी मिळते. ती फसली तर गाडी परत करता येते, फक्त वापरापोटी काही रक्कम कापली जाऊ शकते. म्हणून मॉड्यूल की पॅक हा वाद ग्राहकाने स्वतःच्या अंगावर घेऊच नये, असे माझे मत आहे. खाजगी गॅरेजमध्ये पॅक उघडला, की दोष मुळातला होता हे सांगणे कठीण होते आणि उरलेल्या वॉरंटीवरही वाद सुरू होतो. आय-पेसची बॅटरी-वॉरंटी आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची आहे आणि ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. आधी ती पूर्ण वापरा. विक्रेत्याला पहिले पत्र दोष दिसला त्याच दिवशी, तारीख आणि पडद्याचे छायाचित्र जोडून पाठवा.

नाशिकचा अमोघ

टेम्सकाठचे साहेब, आपला कायदा उत्तम आहे, पण इथे सहा महिन्यांचे असे स्पष्ट गृहीतक नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला लागू होतो. बहुतेक जुन्या गाड्या मात्र थेट मालकाकडून घेतल्या जातात, आणि तिथे १९३० च्या माल विक्री कायद्यातील ‘खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावे’ हेच तत्त्व बहुधा आडवे येते. म्हणून माझ्या मते खरा निर्णय खरेदीपूर्वीच होतो. चार्ज १५-२० टक्क्यांवर असताना गाडी चढावर चालवून गटागटांचे व्होल्टेज ओबीडीवर (गाडीच्या निदान-पोर्टला जोडायच्या यंत्रावर) पाहावे. भरलेल्या बॅटरीत दुबळा गट लपतो, रिकामी होत आलेल्या बॅटरीत तो उघडा पडतो. विकणारा याला नकार देत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

रेवा

अमोघ यांची तपासणी योग्य आहे आणि धनुर्धर यांचे इन्सुलेशनचे विवेचनही बरोबर आहे. निदानाआधी पॅक बदलू नये, इतपत मी त्यांच्याबरोबर आहे. माझा विरोध उरतो तो सेल बिघडल्याचे सिद्ध झाल्यानंतर. तेव्हा नवे मॉड्यूल नको, त्याच वयाचे आणि क्षमता मोजून जुळवलेले मॉड्यूल हवे. असे मॉड्यूल अपघातग्रस्त गाड्यांच्या पॅकमधूनच मिळते, आणि त्या सेलांना धक्का किंवा पाणी लागले होते का, हे आपल्याकडे कोण प्रमाणित करणार?

धनुर्धर

प्रमाणित करण्यासाठी आधी माहिती मालकाच्या हातात हवी. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार बॅटरीच्या प्रकृतीची बीएमएसमधील माहिती कायदेशीर मालकाला वाचता आली पाहिजे, आणि फेब्रुवारी २०२७ पासून तिथे बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होणार आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, त्यात वाहनांचा समावेश आहे. गटनिहाय नोंदी वाचण्याची सोय त्यात सक्तीची व्हावी, अशी माझी मागणी आहे. तोपर्यंत जुळवलेले मॉड्यूल बसवणाऱ्या वर्कशॉपकडून क्षमतेच्या मोजणीचा आणि सीलच्या दाब-चाचणीचा कागद घ्यावा व दुरुस्तीवर किमान एका वर्षाची लेखी हमी मागावी. हे दोन्ही द्यायला तयार नसलेल्या वर्कशॉपमध्ये मीही गाडी ठेवणार नाही.

रेवा

कागदात इन्सुलेशन-रोधाचे आकडे दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे, दोन्ही असले पाहिजेत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तेच माप पुन्हा फुकट घेऊन देण्याची अट हमीत लिहिलेली असली पाहिजे. एवढे मिळाले तर माझा विरोध बराच सौम्य होतो. रिकॉलच्या यादीतील पॅकला मात्र एका मॉड्यूलची दुरुस्ती मी आजही सुचवणार नाही.