मदत हवी आहे: स्टुडिओचे स्ट्रोब (फ्लॅशचे मोठे दिवे) बॅटरीवर चालवायचे आहेत (वेसावे म्हणजे वर्सोवा, उघड्यावरचं शूट)

नमस्कार मंडळी,

गिरगावात माझा छोटा स्टुडिओ आहे, काम मुख्यतः पोर्ट्रेटचं. गेल्या वर्षी वेसाव्याच्या एक कोळी आजी नातीच्या साखरपुड्याचे फोटो काढून घ्यायला आल्या होत्या. निघताना मी त्यांचा एकटीचा एक फोटो काढला. मागे काळा पडदा, डावीकडून मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), उजवीकडे मागून एक बारीक दिवा, म्हणजे कानातलं सोनं आणि केसातला गजरा उठून दिसावा. तो फोटो आजींनी देव्हाऱ्याशेजारी लावला आहे. आता त्यांच्या गल्लीतल्या आणखी अकरा जणींना तसाच फोटो हवा आहे. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन फिरलेले गुडघे आहेत, त्यांना अंधेरीहून चर्नी रोडपर्यंत लोकलने आणायचं माझ्या मनाला पटत नाही. मीच जाणार.

घरात जागा नाही, म्हणून फोटो बंदरावर, वर ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी काढायचे आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात होड्या रंगवल्या जातात. नारळी पौर्णिमेच्या आधी, बायका थोड्या मोकळ्या असतात तेव्हा हे काम उरकायचं आहे.

माझ्याकडे ४०० वॉट-सेकंदांचे (ही एका फ्लॅशची ऊर्जा) दोन मोनोलाइट, म्हणजे सगळं एकाच डब्यात असलेले स्ट्रोब, आहेत, २३० व्होल्टवर चालणारे. प्रत्येकात १५० वॉटचा मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे सावली कुठे पडेल ते आधी दाखवणारा, सतत जळणारा दिवा. जवळच्या घरापासून जागा सत्तर-ऐंशी मीटरवर आहे. 'वायर ओढा की' असं घरच्यांनी सुचवलं. पण वाट ओली असते, हातगाड्या जातात, मुलं पळत असतात. त्यातून २३० व्होल्टची वायर नेऊन कुणाच्या जिवाशी खेळायचं नाही.

एकदा हात पोळले आहेत, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी उत्तनच्या किनाऱ्यावर दुचाकीची बॅटरी आणि बाजारातला एक स्वस्त इन्व्हर्टर घेऊन गेले होते. दिवा लावल्यापासूनच घुंई असा आवाज येत होता. विसेक फ्लॅशनंतर जळका वास आला आणि दिवा बंद पडला. लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराने उघडून दाखवलं, चार्जिंगच्या सर्किटमधला ट्रायक (वीज सोडणारा-अडवणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) उडाला होता. त्या दिवशी नवरा-नवरी तासभर उन्हात उभी राहिली आणि मला माफी मागून परत यावं लागलं. या आजींच्या बाबतीत असं होता कामा नये.

माझा हिशोब असा, चुकत असेल तर सांगा. एक वॉट-तास म्हणजे ३६०० वॉट-सेकंद. पूर्ण शक्तीवर एक फ्लॅश ४०० वॉट-सेकंद. वाटेत निम्मी ऊर्जा वाया गेली असं धरलं तर बॅटरीतून ८०० जातील. दोन दिवे, प्रत्येकी २५० फ्लॅश, म्हणजे ४ लाख वॉट-सेकंद, म्हणजे साधारण १११ वॉट-तास. एवढंच? पण मॉडेलिंग लॅम्प दोन्ही मिळून ३०० वॉट, तासाभरात ३०० वॉट-तास. म्हणजे सगळ्या फ्लॅशपेक्षा तो पिवळा दिवाच जास्त खातो. तो बंद ठेवणार हे पक्कं.

मग प्रश्न उरतो कुठला इन्व्हर्टर आणि कुठली बॅटरी. शिसं-आम्लाची १२ व्होल्ट २६ अँपिअर-तासाची बॅटरी परवडते, पण ती आठ-नऊ किलोची, आणि निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते असं ऐकलंय. लिथियमचं पोर्टेबल पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकाच डब्यात) घ्यावं का? की आहे ते विकून बॅटरीवालेच स्ट्रोब घ्यावेत? विकायला मन होत नाही, पण आजींचं काम अडणार असेल तर विकेन. कुणी खरंच वापरलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, हिशोब बरोबर आहे आणि निम्मं वाया जाणं हे सुरक्षित गृहीतक आहे. ताळा करून बघा: गोडॉक्सच्या एडी४०० प्रो या ४०० वॉट-सेकंदांच्या बॅटरीवाल्या दिव्याची बॅटरी २१.६ व्होल्ट, २६०० मिलीअँपिअर-तास, म्हणजे ५६ वॉट-तास. कंपनी तिच्यावर पूर्ण शक्तीचे ३९० फ्लॅश सांगते. ३९० गुणिले ४०० म्हणजे १ लाख ५६ हजार, आणि बॅटरीत २ लाखांच्या थोडं वर. म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा फ्लॅशपर्यंत पोहोचते. तुमच्या रस्त्यात इन्व्हर्टर मध्ये येतो, त्यामुळे तुमची गळती जास्त.

पण तुम्ही साठ्याचा विचार केलाय, झटक्याचा नाही. फ्लॅश उडाला की दिवा एका सेकंदात ४०० वॉट-सेकंद भरून घेऊ पाहतो. गळती धरली तर त्या सेकंदात एका दिव्याला पाच-सहाशे वॉट लागतात, आणि सुरुवातीला त्याहूनही जास्त. दोन दिवे एकदम उडतात, एकदम भरतात. ३०० वॉटचं स्टेशन तिथेच 'ओव्हरलोड' दाखवून बंद पडेल, मग त्यात ऊर्जा कितीही असो. स्ट्रोबसाठीच बनवलेले इन्व्हर्टर-पॅक येतात, त्यांत प्रवाहाला लगाम असतो: बंद पडत नाहीत, फक्त भरायला जास्त वेळ लागतो. पोर्ट्रेटला तीन-चार सेकंद थांबणं काहीच नाही. साधं पॉवर स्टेशन घेतलंत तर ६०० वॉटच्या खाली जाऊ नका. चालू करताना एक दिवा लावा, त्याचा 'तयार' आवाज येऊ द्या, मग दुसरा. दोन्ही रिकामे कपॅसिटर (दिव्यात फ्लॅशची ऊर्जा साठवणारे भाग) एकदम भरायला लावू नका.

विकू नका. आधी भाड्याने आणून बघा, अंधेरीत भाड्याने सामान देणारे भरपूर आहेत.

प्रतिसाद

मी दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. उत्तनला जे झालं ते मी अनेकदा उघडून पाहिलं आहे. स्वस्त इन्व्हर्टर 'मॉडिफाइड साइन वेव्ह' देतो, म्हणजे पायऱ्यांची लाट. घरातली लाट गोलसर चढते, २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टला पोहोचतं. पायऱ्यांच्या लाटेत व्होल्टेज उभ्या भिंतीसारखं चढतं, त्या क्षणी रिकामा कपॅसिटर प्रवाह ओढून घेतो आणि ट्रायकवर हातोडा बसतो. घुंई आवाज त्याचाच. 'प्युअर साइन वेव्ह' असं स्पष्ट लिहिलेलंच घ्या. संगणकाचा यूपीएस न्यायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा, स्वस्त यूपीएसची लाटही बहुतेक पायऱ्यांचीच असते.

शिसं-आम्लाच्या बॅटरीबद्दल: १२ व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअरच्या वर. एवढ्याला चांगली जाड आणि आखूड केबल लागते. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर ओरडून बंद होतो. लिथियममध्ये ही कटकट डब्याच्या आत सोडवलेली असते. लिथियम आयर्न फॉस्फेट रसायन मिळालं तर उत्तम, ते उष्णतेला जास्त सोसतं.

आणि एक विनंती. दिवा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो. बंद करताना शक्ती कमीवर आणा, एक फ्लॅश उडवा, मग स्विच बंद करा. समुद्राच्या वाऱ्यात आतून ओलसर झालाय असं वाटलं तरी स्वतः उघडू नका.

प्रतिसाद

छोटा पेट्रोल जनरेटर का नको? लग्नाच्या शूटला आम्ही वापरतो.

धागाकर्ता

आवाजामुळे नको. आजींशी बोलत बोलत फोटो काढते मी, त्यांना माझं बोलणं ऐकू आलं पाहिजे. धूरही त्यांच्याच तोंडावर जाईल. शिवाय साध्या जनरेटरचं व्होल्टेज झटक्यासरशी खालीवर होतं, एक ट्रायक गमावल्यावर ती भीती आहेच.

प्रतिसाद

ताई, मी वेसाव्याचाच. विजेचं कळत नाही, पण उजेडाचं आणि वाऱ्याचं सांगतो.

दुपारी नका येऊ. सकाळी साडेसहा ते आठ या. जुलैत ढग असतातच, त्या वेळी उजेड मऊ असतो आणि आयांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. वारा समुद्राकडून येतो, तुमची मोठी छत्री शिडासारखी फुगेल. स्टँडला पोतं बांधायला लागेल, वाळू इथेच आहे. स्टँडच्या डोक्याला दोर बांधून होडीला आवळला तर हलणार नाही. बॅटरी जमिनीवर ठेवू नका, मासळीचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर ठेवा. क्रेट मी देतो. आणि आयांना सांगून ठेवा की लुगडं कोणतं नेसायचं ते त्यांनीच ठरवायचं, नाहीतर सगळ्या एकमेकींना विचारत बसतील.

प्रतिसाद

वरच्या दादांनी नकळत तुमचा अर्धा प्रश्न सोडवला आहे. कडक उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/२०० सेकंदाला लेन्सचं छिद्र उघड्यावर एफ/११ च्या आसपास येतं. त्या उन्हाशी बरोबरी करायला तुमचा दिवा दीड मीटरवरून जवळजवळ पूर्ण शक्तीवर लागेल. सकाळच्या ढगाळ उजेडात तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी मिळाले तर फ्लॅशही तीन स्टॉप खाली, म्हणजे एक अष्टमांश: ४०० ऐवजी ५० वॉट-सेकंद. झटका त्याच प्रमाणात लहान आणि फ्लॅशचा बॅटरीवरचा खर्चही एक अष्टमांश. तुम्हाला मागचा भाग काळोखा हवा असेल तर एक-दोन स्टॉप वर जावं लागेल, तरी पाव ते अर्ध्या शक्तीत बसेल. दिवा जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट.

धागाकर्ता (आठ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. ६०० वॉटचं, ५०० वॉट-तासांचं प्युअर साइन वेव्हवालं लिथियम स्टेशन भाड्याने आणून इमारतीच्या गच्चीवर चाचणी घेतली.

दोन्ही दिवे पूर्ण शक्तीवर: चौथ्या फ्लॅशला स्टेशन बंद. अर्ध्यावर: सावकाश उडवले तर चालतात, घाईने उडवले तर एकदा बंद पडलं. पावावर: दीड तासात दोनशे वेळा दोन्ही एकत्र उडवले, एकदाही अडलं नाही. स्टेशनवरचा आकडा १०० वरून ८९ वर आला. कागदावर फ्लॅशचा खर्च जेमतेम २२ वॉट-तास येतो, म्हणजे बाकीची उतरण नुसतं चालू राहण्यातच गेली. आता दोन आजींच्या मध्ये वेळ असेल तर स्टेशनचा एसी (२३० व्होल्ट पुरवणारा) स्विच बंद ठेवणार आहे. घुंई आवाज अजिबात नाही. तासाभराने दिव्याला हात लावून पाहिला, कोमट होता, बस.

मॉडेलिंग लॅम्पशिवाय सावली कुठे पडते ते कळत नव्हतं. त्यासाठी आधी घरातल्या मावशींना बसवून चाचणीचे फोटो काढले, सॉफ्टबॉक्सची उंची आणि अंतर मोजपट्टीने लिहून घेतलं. बंदरावर तेच माप लावेन.

शनिवारी सकाळी सहाला पोहोचते. आजी म्हणाल्या, पहिला फोटो त्यांच्या धाकट्या जावेचा, कारण तिला सगळ्यात जास्त लाज वाटते आणि ती मागे राहिली तर निघून जाईल. क्रेट देणाऱ्या दादांना निरोप टाकला आहे. पाऊस आला तर दिव्यांवर घालायला काय नेऊ, एवढं कुणी सांगितलं तर बरं होईल. प्लास्टिकची पिशवी गरम हवा कोंडेल असं वाटतं.